लिअरचा हरवलेला आवाज

पदव्युत्तर वर्गाला ‘किंग लिअर’ आणि ‘नटसम्राट’ एकत्र शिकवताना २००९ साली आमच्या हातून एक चूक घडली. चूक यंत्राशी संबंधित होती, पण तिचा परिणाम समीक्षेवर झाला. म्हणून तिची हकिगत येथे सांगणे आम्हांला अप्रस्तुत वाटत नाही.

तौलनिक अभ्यासाच्या तासासाठी आम्ही लिअरच्या एका परदेशी चित्रपटरूपांतराची डीव्हीडी मिळवली होती. वेळ थोडा असल्याने तिसऱ्या अंकातील वादळाचा प्रवेश तेवढा दाखवायचे ठरले. विभागातला संगणक, भिंतीवर प्रोजेक्टरचा प्रकाश आणि टेबलाच्या दोन टोकांना दोन स्पीकर, एवढी सामग्री होती. वारा सुटला, वीज कडाडली, वाद्यवृंद उसळला आणि पाऊस वर्गभर कोसळू लागला. राजा मात्र नुसते ओठ हलवीत राहिला. त्याचा शब्द तीन खोल्या पलीकडून यावा तसा पुसट येत होता. खाली सबटायटल्स असल्यामुळे अर्थ समजायला कोणाला अडचण पडली नाही.

प्रवेश संपल्यावर आम्ही त्यावर बोललो, आणि बरेच बोललो. दिग्दर्शकाने मानवी वाणी निसर्गाच्या कोलाहलात हेतुतः बुडवली आहे, असे आमचे प्रतिपादन होते. शिरवाडकरांचा बेलवलकर स्वतःला तुफान म्हणवून बोलतो तेव्हा त्याचे सर्वस्व गेलेले असते, पण नटाचा भाषेवरचा विश्वास शाबूत असतो. या चित्रपटात मात्र भाषाच पराभूत झाली आहे, असा भेदही आम्ही दाखवून दिला. वर्गाने तो मनोभावे टिपून घेतला.

दोन वर्षांनी एका सहकाऱ्याच्या घरी, साध्या दूरदर्शन संचावर, तीच चकती लावली गेली. राजा खणखणीत बोलत होता. पावसावर त्याचा आवाज स्वार झाला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि काही वेळ कोणीच काही बोलले नाही.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. विभागातल्या संगणकावर ‘तुमच्याकडे कोणते स्पीकर आहेत?’ या प्रश्नापुढे कोणीतरी ‘५.१’ हा पर्याय निवडून ठेवला होता. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला आवाज, असा त्याचा भाबडा समज असावा. संगणकाने ते उत्तर खरे मानले. आपल्यापुढे डावा, उजवा, मधला, मागचे दोन आणि खर्जाचा एक असे सहा स्पीकर मांडलेले आहेत, असे समजून त्याने ध्वनीची वाटणी केली. चित्रपटांत संवाद बहुधा मधल्या चॅनलवर असतात. ते त्याने संगणकाच्या पाठीमागच्या नारिंगी छिद्राकडे पाठवले. तेथे कोणतीच तार जोडलेली नव्हती. लिअर त्या रिकाम्या छिद्राशी बोलत होता. डाव्या-उजव्या चॅनलमध्ये मिसळलेला त्याच्या आवाजाचा घुमारा तेवढा आमच्या कानी पडला.

ध्वनीच्या सेटिंगकडे आम्ही तोवर चवीची बाब म्हणून पाहत होतो. मीठ कमी-जास्त व्हावे तसे. पण संगणकाच्या त्या चौकटीतले बहुतेक प्रश्न आवडीनिवडीचे नसतात. ते वस्तुस्थितीचे असतात. ‘तुझ्यापुढे काय आहे ते सांग, म्हणजे मी त्याप्रमाणे पाठवतो’, एवढेच यंत्र म्हणत असते. हा प्रश्न विचारण्याची वेळ यंत्रावर का आली, याला मोठा इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकांना त्यात ओळखीच्या गोष्टी आढळतील.

या इतिहासाचा आरंभ १८८१ च्या पॅरिसमधील विद्युत प्रदर्शनापासून धरता येईल. क्लेमाँ आदेर या अभियंत्याने तेथील ऑपेरागृहाच्या रंगमंचाच्या कडेला टेलिफोनचे प्रेषक बसवले आणि त्यांच्या तारा प्रदर्शनात आणल्या. श्रोत्याने प्रत्येक कानाला एक असे दोन श्रवणक लावायचे. दोन्ही कानांना रंगमंचाच्या निरनिराळ्या जागांवरचा ध्वनी मिळत असल्याने गायक या बाजूकडून त्या बाजूकडे गेल्याचे कळत असे. त्या नोव्हेंबरात व्हिक्टर ह्यूगोने हा चमत्कार अनुभवला आणि आपल्या टिपणवहीत त्याची नोंद केली. पुढे या सोयीला ‘थिएट्रोफोन’ हे नाव मिळाले आणि वर्गणी भरून ती घरी घेता येऊ लागली. मार्सेल प्रूस्त १९११ मध्ये तिचा वर्गणीदार होता. आजारपणामुळे घराबाहेर पडणे जमत नसल्याने द्यब्युसीचा ‘पेलेआस आणि मेलिसांद’ हा ऑपेरा त्याने अंथरुणात पडून ऐकला. एके क्षणी आपल्याला आलेला गुंजारव सुखद, पण जरासा निराकार वाटला आणि मग ध्यानात आले की ते मध्यंतर होते, असे त्याने एका पत्रात स्वतःचीच थट्टा करीत लिहिले आहे. आमची हकिगत आठवली की प्रूस्तचे ते पत्र आम्हांला दिलासा देते. फरक इतकाच, की त्याला आपली चूक त्याच संध्याकाळी कळली.

पॅरिसच्या त्या प्रयोगात एक महत्त्वाचा करार दडलेला होता. पाठवणाऱ्याने दोन धागे पाठवायचे आणि ऐकणाऱ्याने ते दोन कानांना जसेच्या तसे लावायचे. डावा उजव्याला लावला तर रंगमंच उलटा होई, आणि एकच लावला तर तो सपाट होई. १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये ॲलन ब्लुमलाइन याने दोन मार्गांच्या ध्वनीचे सुप्रसिद्ध पेटंट नोंदवले. पडद्यावरचा नट एका बाजूला आणि त्याचा आवाज भलतीकडून, या चित्रपटगृहातल्या विसंगतीमुळे त्याला हा विचार सुचला असे सांगतात. आवाज मुखाजवळ असावा, ही मूळची इच्छा नाटकवाल्यांचीच म्हणावी लागेल.

मधल्या चॅनलची कथाही याच काळातली. एप्रिल १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात चाललेले वाद्यवृंदवादन टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवले. वाद्यवृंद फिलाडेल्फियाच्या मंचावर होता आणि त्याचा नेहमीचा संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वॉशिंग्टनमध्ये नियंत्रणाच्या कळांपाशी बसला होता. डावा, मधला आणि उजवा असे तीन मार्ग त्यासाठी वापरले गेले. प्रशस्त सभागृहात दोनच कर्णे ठेवले, तर कडेला बसलेल्या श्रोत्याला जवळच्या कर्ण्याचाच आवाज ऐकू येतो आणि मध्यभाग पोकळ राहतो. तिसरा कर्णा ती पोकळी भरून काढतो. चित्रपटगृहांनी हा धडा घेतला आणि संवादाची जागा पडद्यामागच्या मधल्या कर्ण्यात पक्की झाली. १९९२ पासून चित्रपटगृहांत डॉल्बी डिजिटलचे सहा मार्ग आले आणि १९९६ मध्ये बाजारात आलेल्या डीव्हीडीवरून ते घरात उतरले.

घरी मात्र बहुतेकांकडे दोनच स्पीकर. तेव्हा मधल्या मार्गाचे काय करायचे? त्याची रीत ठरलेली आहे. मधला ध्वनी सुमारे ०.७ पट करून डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही मार्गांत मिसळायचा. दोन्ही स्पीकरांमधून तो सारखाच आला की बरोबर मध्ये बसलेल्या श्रोत्याला तो मधोमध उभा असल्यासारखा भासतो. संगणक हे काम निमूटपणे करतो. अट एकच: त्याला ‘माझ्याकडे दोनच आहेत’ हे खरे सांगितले पाहिजे, आणि ते दोन ठिकाणी सांगितले पाहिजे. एक संगणकाच्या मुख्य सेटिंगमध्ये आणि दुसरे चित्रपट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कारण अनेक प्रोग्रॅम स्वतःची वेगळी निवड बाळगून असतात.

जुळणीची ही जबाबदारी श्रोत्यावर संगणकाने प्रथम टाकली, असे मात्र समजू नये. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्ग याने कलकत्त्यात गौहरजानचे ध्वनिमुद्रण केले. जेमतेम तीन मिनिटांच्या त्या तबकडीच्या शेवटी ती स्वतःचे नाव सांगते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत आणि तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी म्हणून ही तजवीज होती. तबकडीवर नाव आले, पण गती आली नाही. त्या काळी मिनिटाला सत्तरपासून ऐंशीहून अधिकपर्यंत निरनिराळ्या फेऱ्यांनी ध्वनिमुद्रणे होत. विजेवर चालणाऱ्या मोटरी रूढ झाल्यावर ७८ हा आकडा स्थिरावला. ७४ फेऱ्यांना मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली तर स्वर जवळजवळ एका अर्धस्वराने चढतो. पांढरी एकमध्ये गायलेले काळी एकच्या आसपास ऐकू येते आणि तीन मिनिटांचे गाणे सुमारे नऊ सेकंद आधी संपते. ग्रामोफोनला गती कमीजास्त करण्याची कळ होती ती यासाठीच. जाणता श्रोता ती आपल्या तंबोऱ्याशी ताडून फिरवीत असे.

गतीनंतर प्रश्न आला तो स्वररंगाचा. तबकडीच्या खाचेत खर्ज पूर्ण ताकदीने कोरला तर खाच शेजारच्या खाचेत शिरते, आणि तार स्वर हलके कोरले तर ते खरखरीत बुडून जातात. म्हणून मुद्रणाच्या वेळी खर्ज दाबायचा आणि तार भाग उचलायचा, आणि वाजवताना नेमके उलट करायचे, अशी युक्ती रूढ झाली. पण किती दाबायचे आणि किती उचलायचे, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवी. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण-व्यावसायिकांच्या संघटनेने एक समान प्रमाण निश्चित केले. तोवर चांगल्या ॲम्प्लिफायरवर कंपनीनुसार बदलण्याची एक स्वतंत्र कळ असे. आजही कोणी एलपी तबकडी या प्रमाणाची दुरुस्ती न करता थेट संगणकात उतरवली, तर गायकाचा आवाज चिरका आणि पोकळ येतो. ऐकणारा तरुण म्हणतो, ‘जुन्या लोकांचे आवाज असेच होते.’ हे वाक्य आम्ही वर्गात अनेकदा ऐकले आहे. आणि लिअरच्या अनुभवानंतर त्याला उत्तर देण्यापूर्वी ध्वनिमुद्रण कसे उतरवले आहे याची चौकशी आम्ही करू लागलो.

आता संगणकाकडे वळू. १९८१ च्या आयबीएम संगणकात आवाज होता तो एका बारीक स्पीकरच्या ‘पीं’ एवढाच. १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर हे कार्ड आले आणि १९९२ मध्ये त्याची १६ बिटांची आवृत्ती निघाली. तेव्हापासून घरगुती संगणक सीडीच्या तोलाचा ध्वनी देऊ शकतो असे म्हणता येऊ लागले. येथेच ‘दर’ या दुसऱ्या सेटिंगचा जन्म आहे. अंकीय ध्वनी म्हणजे ध्वनिलहरीची एका सेकंदात हजारो वेळा घेतलेली मोजमापे. सर्वांत उंच स्वराची जी कंपनसंख्या असेल तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले तर काहीच निसटत नाही, हे क्लॉड शॅनन याने १९४९ मध्ये सिद्धतेसह मांडले. माणसाचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. म्हणजे ४०,००० हून थोडे जास्त पुरे होते.

मग १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर ४४,१०० हा चमत्कारिक आकडा कोठून आला? १९७० च्या दशकात एवढी मोजमापे साठवण्याजोगे साधन होते ते व्हिडिओ टेपचे. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन मोजमापे बसवली जात. अमेरिकी-जपानी पद्धतीत वापरता येण्याजोग्या २४५ ओळी सेकंदाला ६० वेळा येत. युरोपीय पद्धतीत २९४ ओळी ५० वेळा. दोन्ही गुणाकार करून पाहा, उत्तर ४४,१०० हेच येते. चित्रपटाच्या आणि दूरदर्शनच्या व्यवहाराला मात्र ४८,००० सोयीचे पडले, कारण सेकंदाला २४, २५ किंवा ३० चित्रे असोत, त्या साऱ्यांनी ४८,००० ला निःशेष भाग जातो. असे दोन दर नांदू लागले, एक गाण्यांचा आणि एक चित्रांचा.

१९९७ साली इंटेलने संगणकातील ध्वनीसाठी जे प्रमाण घालून दिले त्याचा पाया ४८,००० हा होता. त्यामुळे त्या काळची अनेक कार्डे सीडीवरचे संगीतही आधी ४८,००० मध्ये रूपांतरित करीत आणि स्वस्तातल्या कार्डांत हे रूपांतर ओबडधोबड होई. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाने या दराची निवड वापरणाऱ्याच्या हाती ठेवली. एकाच वेळी वाजणारे सगळे ध्वनी त्या एका दरात आणून मिसळायचे, ही तिची रीत पुढच्या आवृत्त्यांनीही सांभाळली. म्हणून मुख्यत्वे सीडीवरून उतरवलेले संगीत ऐकणाऱ्याने ४४,१०० निवडावे आणि चित्रपट पाहणाऱ्याने ४८,०००. आजची रूपांतरे इतकी सफाईदार आहेत की चुकीचा पर्याय निवडला तरी कानाला बहुधा फरक कळणार नाही. परंतु यादीच्या तळाशी असलेला १,९२,००० हा आकडा निवडल्याने जुने ध्वनिमुद्रण अधिक सखोल होते, हा भ्रम आहे. जे मोजलेच गेले नाही ते नंतर कोठून येणार? बिटांचेही तसेच. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या मिळतात आणि सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला. २४ बिटांचा खरा उपयोग हा, की संगणकातच आवाज कमी केला तरी खालच्या पायऱ्या निसटत नाहीत. ही सोय असेल तर घ्यावी, पण ती नाही म्हणून कोणी खंतावू नये.

याहून घातक असतात ते ‘सुधारणा’ या गोंडस नावाखाली आलेले पर्याय. सभागृह, गुहा, स्नानगृह असा आभास. ‘रॉक’, ‘पॉप’ असे तयार स्वररंग. आणि काही संगणकांवर गाण्यातला गायक वगळण्याची सोय. ही शेवटची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. गायक बहुधा डाव्या-उजव्या मार्गांत सारखाच असतो. म्हणून एकातून दुसरा वजा केला की तो नाहीसा होतो आणि कडेची वाद्ये उरतात. जुन्या एकमार्गी ध्वनिमुद्रणात मात्र दोन्हींकडे सारेच सारखे असते. ते वजा केले की काहीच उरत नाही. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ घराघरांत पोचले ते एकमार्गी ध्वनीतूनच. तशा ध्वनीला दोन स्पीकरांमधून एकसारखे वाजू द्यावे, त्यावर कोणताही आभास चढवू नये, हीच त्याची योग्य मांडणी.

हेडफोनचा प्रश्न आदेरच्या प्रदर्शनाइतका जुना आहे. स्पीकरसमोर बसले असता डावा स्पीकर उजव्या कानालाही थोडा ऐकू येतो. हेडफोनमध्ये तसे होत नाही आणि रंगमंच डोक्याच्या आत भरल्यासारखा वाटतो. म्हणून संगणकाला ‘हेडफोन’ असे सांगण्याची सोय ठेवलेली असते. बिनतारी हेडफोनची आणखी एक गोम २०२० मध्ये दूरस्थ वर्ग घेताना आमच्या लक्षात आली. अनेक संगणकांवर एकाच हेडफोनची दोन नावे दिसत, एक संगीतासाठी आणि एक संभाषणासाठी. दुसरे निवडले, किंवा हेडफोनचाच माइक सुरू केला, की ध्वनी टेलिफोनसारखा अरुंद आणि एकमार्गी होतो. कवितावाचन ऐकवायचे असेल तर माइक संगणकाचा वापरावा आणि हेडफोन फक्त ऐकण्यासाठी ठेवावा, हे आम्ही तेव्हा शिकलो.

हस्तलिखितांवर काम करणारे अभ्यासक अर्थ लावण्याआधी पाठ निश्चित करतात. लेखनिकाचा हस्तदोष कोठे आहे आणि मूळ कवीचा शब्द कोठे आहे, हे ठरवल्याखेरीज ओवीवर भाष्य करू नये, ही शिस्त आम्हांला एम.ए.च्या वर्गातच लागली होती. ध्वनीलाही पाठ असतो हे मात्र कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हांलाही सुचले नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने एक विशिष्ट श्रोता, विशिष्ट गती, विशिष्ट संख्येचे कर्णे गृहीत धरलेले असतात. सेटिंग निवडणारा माणूस त्या पाठाचा शेवटचा लेखनिक होय. त्याच्या हस्तदोषाची खूण कोठेही उमटत नाही. पोथीतला खाडाखोडीचा डाग दिसतो, पण आमच्या वर्गातल्या पावसात कसलाही डाग नव्हता. सारे सलग आणि सुंदर होते. म्हणूनच आम्ही फसलो.

आता वर्गात काही ऐकवण्यापूर्वी आम्ही पाच मिनिटे आधी जातो. स्पीकर मोजतो, तेवढेच संगणकाला सांगतो, सुधारणा बंद करतो, आणि डाव्या-उजव्या स्पीकरची चाचणी घेतो. एखाद्या ओळखीच्या माणसाचे बोलणे लावून तो मधोमध उभा आहे ना, हे डोळे मिटून पाहतो. एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या असतील तर तो माणूस विखुरल्यासारखा होतो आणि खर्ज नाहीसा होतो. तेही याच चाचणीत कळते.

एक गोष्ट मात्र दुरुस्त करता आली नाही. २००९ च्या त्या तुकडीतल्या एका विद्यार्थिनीने अंतर्गत परीक्षेत वादळाच्या प्रवेशावर चार पाने लिहिली होती. वाणीचा पराभव, निसर्गाचे आक्रमण, सारे नेमके आमच्या शब्दांत. उत्तराच्या शेवटी तिने समासाजवळ एक बारीक ओळ जोडली होती, की दिग्दर्शकाला राजाचे शब्द ऐकवायचे नव्हते तर त्याने नटाकडून ते इतक्या जीव तोडून का म्हणवून घेतले असतील, हे तिला कळले नाही. आम्ही त्या उत्तराला दहापैकी आठ गुण दिले आणि त्या ओळीपुढे लाल शाईने ‘अप्रस्तुत’ असे लिहिले.